दरडोई

सहमच्या चारा-डेपोत मी हिशेब लिहितो.
त्या वर्षी टेबलापुढं काच बसली,
काचेखाली चार बोटांची फट.
तिच्यातून कागद यायचे
आणि उन्हात तापलेली बोटं.

मस्कतहून साथीची मदत आली होती:
उंटाला इतके रियाल, गाईला इतके,
शेळी-मेंढीला त्याहून कमी,
खजुराच्या झाडालाही काहीबाही.
दरडोई हा शब्द मी शाळेत
माणसांसाठी शिकलो.
इथं तो चार पायांवर चालत आला,
तरी मला वावगं वाटलं नाही.
आमचे तात्या जतला गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर,
जन्मभर कानांना बिल्ले टोचत आले.
म्हणायचे, जनावर खोटं बोलत नाही रे,
बिल्ला बोलतो.

त्या महिन्यात बिल्ले फार बोलले.
एका बोकडाचे तीन बाजूंनी फोटो काढून
तीन बोकड झाले.
रस्त्यापलीकडची मेंढरं रात्रीत अलीकडं आली,
मोजून घेऊन पहाटे परतली,
एकाच लग्नात दोन पंगती जेवणाऱ्यांसारखी.
मी टाइप करत राहिलो.
पगार निम्मा झाला होता,
आणि कुणाची लबाडी पकडणं
निम्म्या पगारात बसत नव्हतं.

मग सलामा बिन्त खल्फान आली.
तोंडावर जुना सोनेरी बुरखा, त्यावर निळा मास्क,
आवाज दोन्हींच्या मागून.
शेजारी अब्दुल मोतालेब, नोआखालीचा,
हातात सुक्या तारलीची पिशवी.
(इथं जनावरांना मासळी घालतात,
हे तात्यांना अजून खरं वाटत नाही.)

'सात लिहिलेत,' ती म्हणाली, 'सहा कर.
समहा सोमवारी गेली. तुझी यादी मंगळवारची.'

मी म्हणालो, आजी, पैसे खात्यात पडले,
आता कोण विचारतंय?

'मेलेल्या उंटिणीचा चारा
मी कुणापुढं टाकू?'

पडद्यावर रकाने होते:
मालक, जात, नग, नवी वेत, खरेदी.
परतीचा रकाना नव्हता.
खात्यातल्या हिलालला फोन लावला.
तो आधी हसला,
मग बराच वेळ नुसता पंखा ऐकू आला,
मग त्यानं विचारलं,
म्हातारीला ताप वगैरे नाही ना?

सलामानं नोटा फटीतून आत सरकवल्या.
मी त्या बाहेर सरकवल्या.
तिनं पुन्हा आत.
सॅनिटायझरची बाटली मधे पंचासारखी उभी.
मागची रांग खोकली,
आणि त्या दिवसांत खोकल्याला
शिवीपेक्षा जास्त वजन होतं.

शेवटी ती मोतालेबकडं वळून काहीतरी पुटपुटली.
त्यानं मान हलवली, मला म्हणाला,
मुहासिब, एवढ्याची लसूणघास द्या.
गठ्ठे इथंच राहू देत.
बिल्ला नसलेलं जनावर घेऊन कुणी आलं
तर सोडायचे.

मला वाटलं, कोण येणार?

सांज झाली की ते यायचे,
शेतांवरच अडकून पडलेले गडी,
कुणाची दोरीला एक शेळी, कुणाच्या दोन,
मालकाच्या कळपाआड लपवून वाढवलेल्या,
कोऱ्या कानांच्या.
सिंधचा एक, सियालकोटचा एक,
बाकी सारे मोतालेबच्या मुलखातले.
मी रजिस्टरला त्यांची नावं घेतली नाहीत.
लिहायला लागलो असतो
तर त्यांनी शेळ्या मागे ओढल्या असत्या.

वहीत एवढंच लिहिलं:
समहा, उंटीण, नग एक, चालू.
तीन आठवडे ती चालू राहिली,
रोज थोडी थोडी कमी होत.

गठ्ठे संपले त्या रात्री
तात्यांना फोनवर सगळं सांगितलं,
जरा रंगवूनच सांगितलं.
वाटलं होतं, म्हातारीचं कौतुक करतील,
निदान माझं तरी.
त्यांनी एवढंच विचारलं:
'कशानं मेली?'

मी विचारलंच नव्हतं.